काळी वाळू, सुई आणि चुंबकाचे क्षेत्र

लोहचुंबकाची गंमत ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या बीड जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. शिंप्याच्या दुकानात सांडलेल्या टाचण्या गोळा करावयास चुंबक लागतो, कपाटाचे दार घट्ट मिटावयास चुंबक लागतो, आणि रेडिओचा जुना स्पीकर फोडून त्यातील चुंबक काढण्याचा उद्योग तर पुष्कळांनी लहानपणी केलेला असतो. परंतु 'चुंबकीय क्षेत्र' म्हणजे काय, असा प्रश्न केला की आपली मुले डोळे मिटून उत्तर देतात: 'चुंबकाभोवतीच्या ज्या प्रदेशात त्याचा परिणाम जाणवतो, त्या प्रदेशास चुंबकीय क्षेत्र म्हणतात.' व्याख्या बरोबर आहे, तिला गुणही पुरे मिळतात. मात्र साखर गोड असते हे वाक्य पाठ करणे निराळे आणि चिमूटभर साखर जिभेवर ठेवणे निराळे. क्षेत्राची ही चव मुलांना द्यावयाची असेल तर मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ओढ्याची वाळू, शिवणाची सुई आणि ज्वारीचे धाट एवढ्या सामग्रीवर आरंभ होतो. तो कोठवर जाऊन पोहोचतो हे दाखवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम वाळू घेऊ. पाऊस पडून गेल्यावर बिंदुसरेच्या पात्रात किंवा आपल्या शेताजवळच्या कोणत्याही ओढ्याकाठी पाहावे. पांढरट वाळूवर मधूनच काळ्या, जड रेतीची रेघ ओढलेली दिसते. ती मूठभर रेती घरी आणून वाळवावी आणि चुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवावा. काळे कण टपाटप उडी घेऊन कागदाला चिकटतात. चुंबक कागदातून काढून घेतला की ते आपोआप गळून पडतात. कागद न गुंडाळता हा उद्योग केला तर मात्र चुंबक साफ करता करता संध्याकाळ होते. हे कण मुख्यतः मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात, त्यात थोडे टायटॅनियमही असते. आपल्या डोंगरांचा काळा दगड झिजतो, तेव्हा बाकीची माती दूर वाहून जाते आणि हे जड कण मागे राहतात. वर्गातील लोहकीसाचे काम ते उत्तम करतात.

आता एक सरळ पट्टीचा चुंबक मेजावर आडवा ठेवावा, त्यावर जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद ठेवावा, वरून ही काळी रेती विरळ भुरभुरावी आणि कागदाला नखाने हलकेच टिचक्या माराव्या. पाहता पाहता कण रांगेत उभे राहतात. दोन्ही टोकांपाशी दाट गर्दी होते आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमानी वळतात. या आकृतीच्या रेघांना बलरेषा म्हणतात. लोहाराच्या घरी जन्मलेला आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला मायकेल फॅरडे गणितात फारसा शिकलेला नव्हता, परंतु अशाच आकृत्यांकडे वर्षानुवर्षे पाहून त्याच्या मनात विचार आला की चुंबकाचे सामर्थ्य केवळ लोखंडाच्या तुकड्यात नाही, ते भोवतालच्या अवकाशात पसरलेले आहे. क्षेत्राची कल्पना जन्मास आली ती अशी. पुढे मॅक्सवेलने तिला गणिताची भाषा दिली.

येथे एक गैरसमज मात्र वेळीच दूर केला पाहिजे. कागदावर वीस रेघा उमटल्या म्हणजे चुंबकातून वीस तारा निघाल्या आहेत आणि दोन रेघांच्या मधली जागा रिकामी आहे, असे मुलांना वाटते. त्यावर व्याख्यान देत बसू नये. रेती झटकून पुन्हा भुरभुरावयास सांगावे. या खेपेस रेघा थोड्या निराळ्या जागी उमटतात, पण एकंदर घडण तीच राहते. याचा अर्थ असा, की क्षेत्र सर्वत्र आहे. प्रत्येक कण स्वतः तात्पुरता लहानसा चुंबक होऊन शेजाऱ्याला चिकटतो, म्हणून रांगा दिसतात. पावसात शेताच्या उतारावर पाण्याचे ओघळ पडतात तसेच हे आहे. ओघळ दहा पडतात, पण उतार सगळ्या शेताला असतो.

रेती आपल्याला आकृती दाखवते, दिशा मात्र सांगत नाही. त्यासाठी सुई हवी. शिवणाची सुई मेजावर धरून तिच्यावरून चुंबकाचे एकच टोक एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा फिरवावे. प्रत्येक खेपेस हात वर उचलून पुन्हा आरंभाच्या टोकाकडे यावे. पुढेमागे घासले तर मेहनत फुकट जाते. मग ज्वारीच्या धाटातील हलक्या गाभ्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापावा, सुई त्यात आडवी खोचावी आणि पितळी परातीत पाणी घेऊन त्यावर सोडावी. सुई सावकाश वळते आणि दक्षिणोत्तर स्थिर होते. कितीही वेळा फिरवून सोडली तरी पुन्हा तेथेच येते. उत्तरेच्या टोकाला लाल रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे आपली चुंबकसूची तयार झाली. आपल्याकडे ही सूची दाखवते ती उत्तर आणि खरी भौगोलिक उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, ही आपल्या प्रदेशाची सोयच म्हणावयाची.

परात पितळेचीच का, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तर शिक्षकांनी विचारावा. मग तीच सुई लोखंडी घमेल्यात सोडून पाहावी, लोखंडी पायांच्या बाकाजवळ न्यावी, पत्र्याच्या भिंतीजवळ न्यावी. उत्तर दिशा जागोजाग बदललेली दिसेल. उत्तर दिशा कोठे हलत नाही, परंतु जवळचे लोखंड सुईला बहकवते. म्हणून मोजमापाचे प्रयोग अंगणात, लाकडी पाटावर किंवा जमिनीवर करावे आणि खिशातील किल्ल्या व मोबाइल दूर ठेवावे.

ही खबरदारी पोरखेळातली वाटेल, पण या महाराष्ट्रात तिच्यासाठी एक आख्खी वेधशाळा हलविली गेली आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नित्य नोंद होत होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उत्पातामुळे जगभर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्यात कुलाब्याच्या उपकरणाने क्षितिजसमांतर क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट टिपली. आजही जगातील शास्त्रज्ञ ती नोंद आधारासाठी घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या तारांतून व रुळांतून वाहणारा विद्युत्प्रवाह सूचीला रात्रंदिवस बहकवणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर दूर अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. तिच्या बांधकामात लोखंड टाळून पितळ व तांबे वापरले आणि दगड आणविला तो पोरबंदरचा. आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय असल्यामुळे या कामी उपयोगाचा नव्हता. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकदमच नोंदी घेऊन मूस यांनी जुनी मापे नव्या मापांशी जुळवून घेतली, म्हणूनच ती मालिका खंडित झाली नाही. परातीतील सुई बाकापासून दूर नेणारा मुलगा आणि वेधशाळा अलिबागला नेणारे मूस, दोघांचा धडा एकच आहे. मोजावयाचे ते मोजा, आणि भलतेच मोजले जात नाही ना हे आधी पाहा.

आता या सर्व प्रयोगांतील, आमच्या मते, सर्वांत मोलाच्या प्रयोगाकडे वळू. अंगणात मोठा कागद पसरून खिळ्यांऐवजी खड्यांनी दाबावा. पट्टीचुंबक मधोमध दक्षिणोत्तर असा ठेवावा, की त्याचे उत्तरटोक उत्तरेकडे राहील. बाजारात मिळणारे लहान होकायंत्र चुंबकाच्या टोकाशी ठेवून सुईच्या दोन्ही टोकांपाशी ठिपके द्यावे. मग होकायंत्र इतके सरकवावे की सुईचे मागचे टोक पुढच्या ठिपक्यावर येईल, आणि पुन्हा ठिपका द्यावा. ठिपके जोडले की एक बलरेषा मिळते. अशा दहा-बारा रेषा काढल्यावर ध्यानात येते की चुंबकाजवळच्या रेषा चुंबकाकडेच परततात, दूरच्या रेषा मात्र सरळ दक्षिणोत्तर निघून जातात. तेथे पृथ्वीचे राज्य सुरू झालेले असते.

या दोन राज्यांच्या सीमेवर, चुंबकाच्या मध्यापासून पूर्वेला एक व पश्चिमेला एक, अशा दोन जागा सापडतात, जेथे सुई कोणाचेच ऐकत नाही. बोटाने जिकडे वळवावी तिकडे ती रेंगाळत राहते. किंचित चुंबकाकडे सरकवली की उलटी फिरते, किंचित दूर नेली की निमूटपणे उत्तर दाखवते. या जागेला उदासीन बिंदू म्हणतात. तेथे चुंबकाचे क्षेत्र दक्षिणेकडे ओढते, पृथ्वीचे उत्तरेकडे, आणि दोन्ही तंतोतंत सारखी असल्यामुळे बेरीज शून्य होते. दोन्ही क्षेत्रे तेथे असताना सुईला मात्र काहीच जाणवत नाही! व्याख्या शंभर वेळा घोकून जे समजणार नाही ते या एका जागी समजते. क्षेत्राला जोर असतो, दिशा असते आणि दोन क्षेत्रांची बेरीज होते.

जिज्ञासू विद्यार्थ्याने येथेच थांबू नये. तशाच आकाराचा व तितक्याच जोराचा दुसरा चुंबक पहिल्यावर ठेवून, सारखी टोके सारख्या बाजूला करून, दोन्ही घट्ट बांधावे. आता चुंबक दुप्पट झाला, तेव्हा उदासीन बिंदू दुप्पट अंतरावर जाईल असे बहुतेकांना वाटते. मोजून पाहावे. तो सुमारे एक चतुर्थांशानेच लांब जातो. कारण चुंबकापासून पुरेशा अंतरावर, अंतर दुप्पट केले की क्षेत्राचा जोर एक अष्टमांश उरतो. आपला अंदाज आणि कागदावरचे माप यांत जो फरक पडतो, त्यातूनच शास्त्राचे शिक्षण होते.

सुई उत्तर का दाखवते, याचे नीट उत्तर इंग्लंडातील वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली दिले. त्याने चुंबकपाषाणाचा गोल घडविला, त्यावरून लहान सूची फिरविली आणि ती पृथ्वीवरच्या सूचीप्रमाणेच वागते हे पाहून पृथ्वी स्वतःच मोठा चुंबक आहे असे सांगितले. आपण चिकणमातीच्या गोळ्यात एक लहान चुंबक पुरून तेच करू शकतो. सुईचा लहानसा चुंबकित तुकडा मध्यावर दोऱ्याने बांधून गोळ्याजवळून फिरवावा. गोळ्याच्या विषुववृत्तावर तुकडा पृष्ठभागाशी समांतर राहतो, ध्रुवाकडे जाताना त्याचे एक टोक झुकू लागते आणि ध्रुवावर तो उभा राहतो.

मग खऱ्या पृथ्वीवर, आपल्या बीडमध्ये, सुई झुकावयास हवी. झुकते काय? विणकामाची पोलादी सुई बाटलीच्या बुचातून आरपार घालावी. बुचाच्या दोन्ही बाजूंना पितळी तारेचे दोन तुकडे आडवे खोचून ते दोन काचेच्या पेल्यांच्या काठांवर टेकवावे. सुई तराजूच्या दांडीसारखी अगदी समतोल होईपर्यंत मागेपुढे सरकवावी. नंतर अलगद उचलून तिला चुंबकित करावे आणि दक्षिणोत्तर दिशेत परत ठेवावे. आता उत्तरेकडचे टोक खाली जाते. कोणी म्हणेल, घासताना ते टोक जड झाले असेल. फार चांगली शंका आहे. सुई उलट बाजूने घासून तिचे ध्रुव बदलावे. आता दुसरे टोक खाली जाते. तेव्हा वजनाचा संबंध नाही. या झुकावाला नति म्हणतात. आपल्या भागात ती पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान भरते. विषुववृत्ताजवळ ती शून्य, उत्तरेला जावे तशी वाढत जाते, आणि दक्षिण गोलार्धात सुईचे उत्तरटोक खाली न जाता वर उचलले जाते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

चुंबकत्व आणि वीज यांचे नाते १८२० साली कोपनहेगनच्या अर्स्टेडने दाखविले. विहिरीवरच्या मोटारी भरून देणाऱ्या कारागिराकडे इनॅमल लावलेली तांब्याची तार मिळते. तिची टोके खरवडून, सुईवरून दक्षिणोत्तर तार धरून, टॉर्चच्या सेलला क्षणभर जोडावी. सुई आडवी वळते. तार फार वेळ जोडून ठेवू नये, ती तापते. होकायंत्राभोवती तारेचे चाळीस-पन्नास वेढे दिले तर अगदी थोडा प्रवाहही कळतो. आता याच तारेची टोके दोनशे वेढ्यांच्या दुसऱ्या एका गुंडाळीला जोडावी, ती गुंडाळी होकायंत्रापासून दीड-दोन मीटर दूर ठेवावी आणि तिच्यात जोरदार चुंबक झटकन खुपसावा. सेल नसताना सुई हिसका देते. चुंबक आत नुसता पडून राहिला तर काही नाही. बाहेर ओढताना मात्र उलटा हिसका! हा फॅरडेचा १८३१ चा शोध होय. आपल्या परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात कोळशाची वाफ करते ते याहून निराळे नाही. तेथील जनित्राचा विद्युत्चुंबक तारांच्या प्रचंड वेटोळ्यात मिनिटाला ३००० वेळा फिरतो, म्हणून आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते.

राहिली एक शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या पायांखालची आहे. चुंबकित सुई चिमट्यात धरून चुलीवर लालभडक तापवावी आणि चुंबकापासून दूर निववावी. तिचे चुंबकत्व जवळजवळ गेलेले असते. मॅग्नेटाइटचे ५८० अंश सेल्सिअसला असेच जाते. आपला काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हजार अंशांहून अधिक तापलेल्या लाव्हाच्या रूपाने वर आला. तो निवताना ५८० अंशांच्या खाली उतरला, तेव्हा त्यातील असंख्य कणांनी त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडली, आणि दगड घट्ट झाल्यावर ती तशीच राहून गेली. कंकालेश्वराच्या मंदिराचा चिरा असो, अंबाजोगाईची शिवलेणी असो किंवा आपल्या बांधावरचा धोंडा असो, प्रत्येक दगडात एक गोठलेले होकायंत्र आहे.

हे होकायंत्र वाचावयाचे कसे? त्याचा जोर फार थोडा, आणि पृथ्वीचे क्षेत्र सुईला सोडीत नाही. यावर एक युक्ती आहे. सारख्या जोराच्या दोन सुया गवताच्या काडीला, एक वर व एक खाली, परस्परविरुद्ध तोंडे करून बसवाव्या आणि काडी रेशमी धाग्याने टांगावी. एकीला पृथ्वी जिकडे वळवते त्याच्या उलट दुसरीला वळवते, त्यामुळे पृथ्वीचा हुकूम बहुतेक नाहीसा होतो. मग खालच्या सुईजवळ काळा दगड आणून सावकाश फिरवावा. सगळे दगड नाहीत, पण काही दगड तिला हलविताना दिसतील. उघड्या माथ्यावर वीज पडलेला दगड मिळाला तर तो विशेषच हलवील.

याच तत्त्वाचे अत्यंत नाजूक उपकरण इंग्लंडातील पॅट्रिक ब्लॅकेट यांनी बनविले. फिरणाऱ्या कोणत्याही जड वस्तूला चुंबकत्व येत असावे, अशी त्यांची कल्पना होती. ती तपासण्यासाठी त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलोहून अधिक वजनाचा सोन्याचा दंडगोल उसना आणला. कल्पना खोटी ठरली, आणि १९५२ साली त्यांनी तसे प्रसिद्धही केले. परंतु उपकरण उत्तम साधले होते. ते दगड वाचण्याच्या कामी लागले. जॉन क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्खनचे काळे दगड तपासून १९५६ साली निष्कर्ष मांडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या विषयावर काम झाले. दगडांतील सूचीचे उत्तरटोक खाली झुकलेले नव्हते, ते वर उचललेले होते! म्हणजे हा लाव्हा निवला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंशांवर होती. काही थरांत दिशा अगदी उलटी मिळते, कारण मधल्या काळात पृथ्वीचे ध्रुवच आपसांत बदलले होते; पण जागा त्यांवरूनही तीच निघते. तेथून आजच्या जागेपर्यंत पाच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास झाला, वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर. खंडे सरकतात, असे वेगनरने १९१२ साली म्हटले तेव्हा पुष्कळ पंडितांनी त्याची थट्टा केली होती. त्याच्या बाजूने ज्या साक्षी उभ्या राहिल्या, त्यांत आपल्या बांधावरच्या धोंड्याची साक्ष महत्त्वाची ठरली.

आता सांगा, ज्या मुलाने झुकणारी सुई स्वतः पाहिली आहे, ध्रुव बदलून वजनाची शंका स्वतः फेडली आहे, त्याला हा निष्कर्ष समजावयास किती वेळ लागेल? आणि ज्याने केवळ व्याख्या पाठ केली आहे, त्याला ही गोष्ट परीकथेहून निराळी का वाटावी? फरक पडतो तो येथे. आजकाल मोबाइलमध्येही क्षेत्र मोजण्याची सोय असते. उघड्या जागी तो चाळीस ते पंचेचाळीस मायक्रोटेस्ला दाखवील. त्याचा उपयोग अवश्य करावा, परंतु सुईनंतर, सुईऐवजी नव्हे. आकडा दिसतो, पण सुई अडखळते तेव्हा मन अडखळते, आणि मन अडखळल्याखेरीज विचार सुरू होत नाही.

पालकांना आणि शिक्षकांना आमची विनंती मोठी नाही. इमारत, निधी, अनुदान यांची वाट पाहू नये. एका वर्गाला पाच-सहा चुंबक, दहा होकायंत्रे, थोडी तार आणि दोन सेल पुरेत. बाकीची सामग्री ओढ्यात, शेतात आणि स्वयंपाकघरात आहे. फार जोरदार असे बारके चुंबक तेवढे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, ते गिळले गेले तर जिवावर बेतते. आणि प्रयोग शिक्षकांनी मेजावर करून दाखवावयाचा नाही, तो मुलांनी खाली बसून करावयाचा आहे. उदासीन बिंदू शोधावयास एका मुलाला पाऊण तास लागला, तर तो पाऊण तास वाया गेला असे कृपा करून समजू नये.